आलमान

"आलमान!" असं म्हणून ते तळहाताची कड टेबलावर आपटायचे. समोर ताटात थापलेली वडी आहे आणि तिचे दोन अगदी सारखे भाग करायचे आहेत, असं वाटावं तशी.

शब्द तुर्की आहे. अर्थ साधा, जर्मन माणूस. पण ते जर्मनीतल्या ज्या गल्लीत वाढले तिथल्या त्यांच्यासारख्या तुर्की पोरांनी त्या शब्दाला वेगळीच धार लावली होती. रविवारी दुपारी कुणी भिंतीत खिळा ठोकला म्हणून जिन्यात चिठ्ठी लावतो, तो आलमान. शेजाऱ्यानं कागदाच्या कचऱ्यात बाटली टाकली तर ती स्वतः काढून योग्य डब्यात टाकतो आणि वर ते सांगायला दार वाजवतो, तो आलमान. चारला बोलावलं तर पावणेचारला येऊन कोपऱ्यावर थांबतो आणि बरोबर चारला बेल दाबतो, तो पक्का आलमान. आपल्याकडे पुणेरी पाट्यांवरून हसतात ना, तसलंच.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, जो दुसऱ्याच्या ज्या खोडीवर हसतो तीच खोड त्याच्या अंगात मुरलेली असते. हे तसे होते.

मी ब्रिस्टलला विमानाचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये होते. बार्शीत नववीतून शाळा सुटली, पुढं लग्न झालं आणि इथं आले. नवरा इथलाच, इथं जन्मलेला, बस चालवायचा. कँटीनमध्ये मला इंग्रजी बोलायची फार भीती वाटायची. "पीज?" आणि "ग्रेव्ही?" एवढ्या दोन शब्दांवर मी सहा महिने काढले. ते त्याच कारखान्यात मापं तपासायच्या खोलीत होते. केसाएवढा फरक निघाला तरी भाग परत पाठवायचे. पन्नाशी उलटलेली, बायको इंग्लिश होती ती कधीच वेगळी झालेली. मला ते पहिल्या दिवसापासून "मिसेस काळे" म्हणायचे. मला आयुष्यात तोवर कुणी मिसेस म्हटलं नव्हतं. दोघांचंही इंग्रजी मोडकं, त्यामुळं आमचं जमलं. बोलणं इथं मी मराठीत लिहिते आहे, तेव्हा ते आहे त्यापेक्षा जरा बरं वाटेल.

इंग्लिश कामगारांना तुर्की-बिर्की काही कळत नव्हतं. त्यांच्या लेखी ते "द जर्मन". इंग्लिश लोकांचा एक जुना विनोद आहे, की सुट्टीला हॉटेलात गेलं की जर्मन माणूस पहाटे उठून पोहण्याच्या तलावाकाठच्या खुर्च्यांवर टॉवेल टाकून ठेवतो, जागा अडवायला. म्हणून लंचच्या आधी कुणीतरी रोज यांच्या खुर्चीवर माझ्या कँटीनमधला भांडी पुसायचा टॉवेल पसरून ठेवायचं. ते यायचे, टॉवेल उचलायचे, कडांना कडा जुळवून चौघडी घालायचे आणि मला आणून द्यायचे. एकदा त्या टवाळ पोरांची सुट्टी होती. ते खुर्चीपाशी आले, थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि काउंटरवर येऊन मला विचारलं, "आज टॉवेल नाही?"

मी एक पसरून दिला. ते उचलून, घडी घालून बसले.

फाटकाबाहेर रस्ता ओलांडायला दिवा होता. एकदा शिफ्ट संपल्यावर मी त्यांच्याबरोबर निघाले. पाऊस, वारा आणि रस्त्यावर दोन्ही बाजूंना एक गाडी नाही. दिव्यात लाल माणूस. ते थांबले.

"गाडी नाही," मी म्हटलं.

"दिसतंय."

"मग?"

"मग काय? लाल आहे."

पलीकडच्या फुटपाथवर एक म्हातारी बाई चाकाची पिशवी धरून तशीच थांबली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "आलमान."

मला हसावं की नाही कळेना. भिजले मात्र चांगलीच.

असेच एकदा मी त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. वाढदिवस सोमवारी आणि सोमवारी मी सुट्टीवर, म्हणून शुक्रवारीच शिरा करून नेला. आपण देतोच की आगाऊ शुभेच्छा. पण त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं शिऱ्यात केस निघाला. म्हणाले, "आधी नाही, मिसेस काळे. कधीही आधी नाही. वाईट होतं." जर्मनीत म्हणे दिवस उजाडल्याशिवाय शुभेच्छा देत नाहीत. त्यांनी शिऱ्याचा डबा बंद केला, त्यावर सोमवारची तारीख लिहिलेला कागद चिकटवला आणि फ्रीजमध्ये ठेवला. सोमवारीच खाल्ला. मंगळवारी धुतलेला डबा परत आला, तारखेचा कागद काढून.

आता मुद्द्याचं सांगते. लग्न करून आलं की तेव्हा दोन वर्षांचा व्हिसा मिळायचा. ती संपत आली की लंडनजवळ क्रॉयडनच्या व्हिसा कचेरीत जाऊन कायम राहण्याचा शिक्का घ्यायचा. त्यासाठी दोन वर्षं नवरा-बायको एकाच पत्त्यावर राहिल्याचा पुरावा लागायचा. म्हणजे घरी आलेली पत्रं, दोघांच्या नावाची किंवा एकेकाच्या, दोन वर्षांत पसरलेली. शिक्का नाही तर परत जा. मला परत जायचं नव्हतं. कारण विचाराल तर सांगता येणार नाही. तिथं बोलवायला कुणी उरलं नव्हतं, एवढंच.

त्यांनी एक दिवस विचारलं, "कागद आहेत ना?"

"आहेत."

"कुठे?"

"किचनच्या कपाटात."

ते खूश झाले. कपाट म्हणजे जागेवर, एवढं त्यांना पुरलं. आठवडाभरानं त्यांनी पुन्हा विचारलं, की कपाटात म्हणजे फाईलमध्ये ना? तेव्हा मी खरं सांगितलं. पत्रं डब्यांखाली होती.

आमच्याकडे फळीवर डबे ठेवायचे तर खाली कागद अंथरायचा, ही रीत. आई वर्तमानपत्र अंथरायची. इथल्या फुकट पेपरची शाई डब्यांच्या बुडाला लागते. कौन्सिलची म्हणजे इथल्या नगरपालिकेची, गॅसवाल्यांची, बँकेची पत्रं मात्र कशी जाड, पांढरीशुभ्र, मागून कोरी. मला ती टाकवेनात. नवरा तर आलेलं पत्र वाचून लगेच "अगं, तो पत्र ना, इम्पॉर्टंट नाही. बिन कर," म्हणजे कचऱ्यात टाक, असं म्हणायचा. त्याच्या हातून जेवढी सुटली तेवढी मी फळ्यांवर कोरी बाजू वर करून अंथरली होती. हळदीखाली, तेलाखाली, गोडा मसाल्याखाली.

हे ऐकून त्यांनी काट्यावरचा बटाटा परत ताटात ठेवला.

"सगळी?"

"हो."

"तेलाखाली?"

"हो."

मग घड्याळ पाहून म्हणाले, "उद्या. अडीच वाजता. सगळी घेऊन या. पुसू नका, मी पुसतो."

दुसऱ्या दिवशी लंचची गर्दी ओसरल्यावर त्यांनी एक लांब टेबल धुऊन कोरडं केलं. मी प्लॅस्टिकच्या पिशवीतून पत्रं काढली. सगळ्या कँटीनला मसाल्याचा वास सुटला. त्यांच्याकडे दोन भोकं पाडायचं जाड लोखंडी यंत्र होतं आणि एक नवी काळी फाईल. टवाळ पोरं जमलीच. "जर्मन पुन्हा चढाईचा नकाशा मांडतोय," एक म्हणाला. त्यांनी मान वर न करता त्याच्या हातात भोकं पाडायचं यंत्र दिलं. "मधोमध. आधी घडी, मग भोक." तो पोरगा तासभर मुकाट भोकं पाडत बसला.

त्या तासात त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. लहानपणी वडिलांबरोबर ते परदेशी लोकांना राहण्याचे परवाने देणाऱ्या कचेरीत जायचे. वडील भट्टीवर कामाला, हात जाड, कागद कोटाच्या खिशात दुमडलेले. एकदा एक कागद कमी पडला. साहेबानं बाकीचे पाहिलेच नाहीत, गठ्ठा तसाच परत सरकवला.

"माझा जन्म तिथला, मिसेस काळे. आणि पासपोर्ट अजून तुर्की. आलमान कागद सांभाळतो कारण त्याला आवडतं. मी सांभाळतो कारण मला भीती वाटते. दिसायला सारखंच दिसतं."

भीतीचं मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तारखा लावून झाल्या. त्यांनी बोट फिरवलं आणि मध्ये थांबले. दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत एकही पत्र नव्हतं. पाच महिने मी त्या घरात होते, पण कागदावर नव्हते.

"इथं कुठे होतात?"

"घरीच."

"पुरावा?"

बँकेनं, कौन्सिलनं काही पाठवलं असेल तर ते नवऱ्यानं बिन केलं होतं. ते म्हणाले, "डॉक्टर? लायब्ररी? काहीही. विचार करा. आज नको, उद्या सांगा."

विचार करायचा नव्हता. एक पत्र होतं. ते मी डब्याखाली घातलं नव्हतं. ट्रंकेत लग्नाच्या शालूच्या घडीत होतं. डिसेंबरमध्ये हॉस्पिटलमधून आलेलं. चौथा महिना होता, ते राहिलं नाही, आणि त्यानंतर तपासायला या म्हणून बोलावलेलं. मी गेले होते. तपासलं, घरी आले, पोळ्या केल्या. रडू आलं नाही. अजूनही येत नाही. पत्र का ठेवलं माहीत नाही. त्या पोराबद्दल जगात तेवढा एकच कागद होता म्हणून असेल.

दुसऱ्या दिवशी ते नेऊन दिलं. त्यांनी घडी उघडली, वाचलं. वाचायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ घेतला. वर पाहिलं नाही. कालचा पोरगा आपणहून यंत्र घेऊन पुढं झाला.

"ह्याला भोक नको," ते म्हणाले.

खिशातून रुमाल काढून त्यांनी हात पुसले, पत्र एका स्वच्छ प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये सरकवलं आणि सप्टेंबर आणि मार्चच्या पत्रांमधल्या रिकाम्या जागी लावलं. मग फाईल मिटली. मी थँक यू म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "आधी नाही."

क्रॉयडनला आम्ही दोघं नवरा-बायको पहाटेच्या कोचनं गेलो. साहेब तरुण होता, सभ्य होता. फाईल पाहून त्याच्या भुवया वर गेल्या. नाक जरा हललं, बहुतेक गोड्या मसाल्यामुळं. त्यानं पुढची तीन पत्रं पाहिली, शेवटची तीन पाहिली. त्याला सहाच हवी होती. मधल्या पानांना त्यानं हातही लावला नाही. नवऱ्याला बसचा रूट विचारला, हसला, शिक्का दिला. ट्रामच्या थांब्यावर नवरा म्हणाला, "हॅपी ना?" मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते अकराच्या चहाला आले. वेळेआधी. असं कधी झालं नव्हतं. मी पासपोर्ट दाखवला. त्यांनी शिक्क्यावरची तारीख, नाव, नावाचं स्पेलिंग, सगळं तपासलं. मग पासपोर्ट मिटून काउंटरवर ठेवला, काठाला समांतर.

"पानं पाहिली?"

पोरं मागं रांगेत उभी होती. चहाचं पाणी उकळत होतं.

"सगळी," मी म्हटलं. "पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"ते कव्हरमधलं?"

"तेही. तिथं थांबला. मग उलटलं."

त्यांनी मान खाली घातली. टेबलावर तळहात आपटला नाही. नुसते म्हणाले, "बघा. चांगला माणूस." आणि चहा न घेताच गेले.

त्यानंतर ते वर्षभर होते. मला वाटायचं खरं सांगावं. सांगितलं नाही. पुढच्या हिवाळ्यात एका सोमवारी ते आले नाहीत. साडेबारा झाले, एक झाला. मापांच्या खोलीतला साहेब कँटीनमध्ये आला आणि म्हणाला, शनिवारी झोपेतच गेले. माझ्या हातात कपांचा ट्रे होता. तो मी मशीनमध्ये लावला, बटण दाबलं.

आठवड्यानं त्यांची बहीण आली, कपाटातलं सामान न्यायला. ठेंगणी, रेनकोट घातलेली. इंग्रजी माझ्याहून कमी. सामान घेऊन ती कँटीनमध्ये आली आणि तिनं सरळ मलाच गाठलं.

"मिसेस काळे?"

"हो."

"भाऊ फोनवर सांगायचा. किती वेळा सांगितलं. इथं एका साहेबानं फाईल वाचली. सगळी. आमच्या बाबांना..." तिला पुढचे शब्द सापडेनात. तिनं हवेत एक गठ्ठा धरला आणि परत सरकवून दाखवला. मग माझ्या हातावर हात ठेवला. "खरं आहे ना? सगळी पानं?"

माझ्या हातात ओलं फडकं होतं. ते मी दुसऱ्या हातात घेतलं.

"हो," मी म्हटलं. "एकही पान सोडलं नाही."

ती दोनदा जर्मनमध्ये "गुट, गुट" म्हणाली, म्हणजे छान, छान. रेनकोटची वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावली आणि गेली. मी टेबल पुसायला घेतलं.