संदेशचा रिव्हर्ब ठरेना

संदेश माझा आतेभाऊ. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, पण मी त्याला कधी दादा म्हटलं नाही. लाडात असले की संद्या, रागावले की मेल्या. आता वर्ष होत आलं, यातलं काहीच म्हणत नाही, कारण मी त्याच्याशी बोलत नाही.

माणूस वाईट नाही हो. उलट इतका चांगला की राग यावा. दुखणं एकच, त्याला काही ठरवता येत नाही. चपला घ्यायला गेला तर चार दुकानं पालथी घालील आणि जुनीच चप्पल शिवून घरी येईल. लग्नासाठी दोन मुली बघितल्या. दोघी बऱ्या होत्या, म्हणून हा अडकला. ह्याचं ठरेपर्यंत एकीचं लग्न होऊन तिचा मुलगा माझ्या अंगणवाडीत खिचडी खायला यायला लागला. मथुराआत्या, म्हणजे त्याची आई, कपाळावर हात मारून म्हणायची, "ह्याला यमानं विचारलं ना, आज येतोस की उद्या, तर हा म्हणेल थांबा, दोन्हीची माहिती काढतो."

नोकरी मिरकरवाड्याला, बर्फाच्या कारखान्यात. पहाटे जायचा, दुपारी दोनला यायचा. दिवसभर कानाशी मशीनची घरघर. तरी कान भारी. भजनाला मागे कुठेतरी बसून पेटीचा कुठला सूर उतरलाय ते सांगायचा. आत्याच्या मागच्या खोलीत पूर्वी आंब्याच्या पेट्या आणि पेंढा असायचा. ती खोली झाडून त्यानं तिचा स्टुडिओ केला. स्टुडिओ म्हणजे काय, तर एक लॅपटॉप, एक माइक, माइक लॅपटॉपला जोडायची डबी आणि दोन हेडफोन. चिऱ्याच्या भिंतींवर गोधड्या टांगलेल्या, त्यातल्या दोन माझ्या आईच्या. एकटा माइक घ्यायला आठ महिने गेले. तरी हळूहळू सगळं आलं, फक्त रिव्हर्ब राहिला.

रिव्हर्ब म्हणजे काय हे त्यानं मला इतक्यांदा समजावलंय की आता मी शिकवणी घेईन. देवळात गायलं की आवाज भिंतींना लागून परत येतो आणि गाण्यावर पसरतो. गोधड्या टांगलेल्या खोलीत तो परत येत नाही, तोंडातून निघाला की तिथेच पडतो. मग त्या सुक्या आवाजाला लॅपटॉपमधलं एक सॉफ्टवेअर देऊळ देतं, सभागृह देतं, हवं तर जिना देतं. तो रिव्हर्ब. आमच्याकडे सगळे त्याला इकोच म्हणतात. संदेशला ते खपायचं नाही, इको वेगळा आणि रिव्हर्ब वेगळा म्हणून तो वाद घालायचा. आम्ही म्हणायचो, बरं बाबा, तुझं खरं.

असली सॉफ्टवेअरं ढिगानं मिळतात. विकत घ्यायच्या आधी वापरून बघायला देतात. संदेशनं अकरा उतरवून घेतली होती. स्वतःची एक टाळी त्यानं रेकॉर्ड करून ठेवली होती, आणि तीच टाळी अकराही रिव्हर्बांतून फिरवून ऐकायचा. मी गेले की माझ्या कानाला हेडफोन.

"शमे, ही ऐक. आता ही ऐक. हिची शेपटी बघ, विरताना किती मऊ आहे."

मला सगळ्या सारख्याच. "अरे, घे ना त्यातला एक!"

"पहिलाच आहे गो. पहिला चुकला की कानाला तीच सवय लागते."

दीड वर्ष हे असं चाललं होतं.

माझे बाबा म्हणजे रघूबुवा. आमची भातशेती, थोडी कलमं, पण पंचक्रोशीत ओळख भजनाची. चाळीस वर्षं गायले. त्यांच्या बुवांनी त्यांना नऊ चाली दिल्या होत्या. आमच्याकडे चाल कोणी कागदावर उतरवत नाही, ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. बुवा कधीच गेले. बाबांबरोबर शिकलेले दोघे मुंबईला गेले आणि तिकडेच वारले. भजनी मंडळातले मागचे नुसती दिलेली ओळ उचलतात, अख्खी चाल कोणाला येत नाही. राहिले एकटे बाबा. त्यांनी मला कधी शिकवल्या नाहीत आणि मीही मागितल्या नाहीत. नळाला रोज पाणी येतंय म्हटल्यावर हंडा कोण भरून ठेवतो?

आणि बाबांना इको लागायचा. त्यांनाच कशाला, आमच्याकडे इकोशिवाय माइकसमोर कोणी उभंच राहत नाही. नमन असो, भजन असो, शाळेचं गॅदरिंग असो, साउंडवाला आधी इकोचं बटण पिळतो. एका शोकसभेत तर मयताला वाहिलेली श्रद्धांजली आम्ही तीन-तीनदा ऐकली. बाबा पहिला गजर घ्यायच्या आधी हात वर करून सांगायचे, "इको वाढव रे." तो वाढला की त्यांची मान ताठ व्हायची.

गेल्या वर्षी गणपतीत त्यांचा आवाज बसला तो उठलाच नाही. आरत्यांनी बसला असेल म्हणून आम्ही हळद-दूध केलं, ज्येष्ठमध चघळायला दिलं. दिवाळी गेली. मग रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं आणि कोल्हापूरला धाडलं. तिथे आडपडदा न ठेवता सांगितलं. गाठ स्वरयंत्रावर आहे, स्वरयंत्र काढलं तर माणूस राहील. तीन आठवड्यांनंतरचा मंगळवार दिला.

परतीच्या वाटेवर आंबा घाट उतरलो. साखरप्याला चहाला थांबलो तेव्हा बाबा म्हणाले, "संदेशला सांग, नऊ चाली भरून घे. पुढे कोणाला लागल्या तर असूंदेत." बशीतला चहा संपवून म्हणाले, "तुझ्या आईला पण ऐकायला होतील."

त्याच संध्याकाळी मी संदेशकडे गेले. ऐकून तो हमसून रडला. मग डोळे पुसले आणि विचारतो काय, "पण शमे, मामांच्या आवाजाला कुठला रिव्हर्ब लावू?"

तीन आठवडे हातात होते. बाबांचा गळा सकाळी दोन तास बरा असायचा, मग खरखर. ते दोन तासही रोज थोडे कमी होत होते. मी फोन करायचे, हा म्हणायचा अकरावरून पाचावर आलोय. पुढच्या आठवड्यात म्हणाला दोनावर आलोय. "मेल्या, तुझं ठरेपर्यंत बाबांचा गळा राहायचा नाही!" मी ओरडले. सोमवारी कोल्हापूरला निघायचं होतं. शेवटी रविवारी सकाळी मीच बाबांना रिक्षात घातलं आणि त्याच्या दारात जाऊन उभी राहिले.

बाबांनी हेडफोन लावला, पहिली ओळ घेतली आणि थांबले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना माइकमधला स्वतःचा आवाज उघडा ऐकू आला होता. त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"हा माझा आवाज नाय. इको दे."

"मामा, इको नंतर घालू. आधी सुकंच भरून घेतात."

"इको दे, नायतर मी चाललो घरी."

संदेशनं त्या दोनातला एक लावला. विकत घेतलेला नव्हे, वापरून बघायचाच. बाबांनी पुन्हा ओळ घेतली आणि मान ताठ झाली. हात मांडीवर ताल धरायला लागला. थोड्या वेळानं एकदम थांबले.

"बंद पडला काय रे? कानात काहीच येत नाय."

"फुकटचा आहे ना मामा. विकत घेईपर्यंत दर चाळीस सेकंदांनी तीन सेकंद गप्प बसतो. पण ते फक्त तुमच्या कानात. इकडे सगळं अखंड भरतंय. तुम्ही थांबू नका."

बाबा थांबले नाहीत. हेडफोन मुका झाला तरी गात राहिले. दोन तासांत नऊच्या नऊ चाली झाल्या. शेवटच्या चालीत आवाज दोनदा फाटला, तरी समेवर बरोबर आले. समोर संदेश दुसरा हेडफोन लावून, डोळे मिटून मान डोलवत होता. झाल्यावर बाबा म्हणाले, आता ऐकव. हा म्हणाला, नीट करून देतो मामा. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि आम्ही घरी आलो.

सोमवारी संध्याकाळी कोल्हापूरच्या इस्पितळात बाबा खाटेवर बसले होते. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते, भजनाचे वेडे. ते म्हणाले, "बुवा, एखादं होऊन जाऊ द्या." का कोण जाणे, बाबांचा आवाज त्या वेळी बरा होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"म्हणू काय गो एक?"

"गप्प बसा बाबा," मी म्हणाले. "घसा जपा. भरून झाल्यात ना सगळ्या?"

बाबा हसले आणि आडवे झाले.

मंगळवारी सकाळी त्यांना आत नेलं. दार बंद होऊन दहा मिनिटं झाली असतील, संदेशचा फोन आला. "मामांना नेलं काय?" मी म्हटलं, नेलं. मग म्हणाला, शमे, एक सांगायचंय. मी म्हटलं, बोल की रे. मग बोलला.

इको त्यानं कानाकडे जाणाऱ्या वाटेवर लावायला हवा होता. त्यानं लावला माइकच्या तोंडाशी. मंडळाचा साउंडवाला तसाच लावतो, आधी माइक, मग इको, मग पुढचं सगळं. लहानपणापासून हा तेच बघत आलेला. दीड वर्ष अकरा रिव्हर्ब तपासले, पण आधीच भरून ठेवलेल्या टाळीवर. समोर गाणारा माणूस एकदाही बसवून बघितला नव्हता. त्यामुळे लॅपटॉपमध्ये गेलं ते इकोतून आलेलं. दर चाळीस सेकंदांनी तीन सेकंद काही नाही. नऊच्या नऊ चालींत तेच. बाबांचा सुका, अखंड आवाज कुठेच भरला गेला नव्हता.

"तुला कळलं कधी?" मी विचारलं.

"काल दुपारी."

"काल दुपारी?"

"मला वाटलं विकत घेतला की ती भोकं भरतील. लगेच घेतला गो. नाही भरली. मग तुला सांगू की नको, मामांना टेन्शन येईल काय, असं करता करता..."

दीड वर्ष जे ठरलं नाही ते ह्यानं एका मिनिटात ठरवलं, आणि जे एका मिनिटात सांगायचं ते सांगायला रात्र घालवली. सोमवारची अख्खी संध्याकाळ बाबांचा गळा बाबांकडे होता. माझ्या हातात मोबाइल होता. त्याला ना देऊळ लागलं असतं ना सभागृह, वॉर्ड चालला असता, शेजारचा खोकला चालला असता. बाबा स्वतःहून म्हणत होते, म्हणू काय. आणि त्यांना गप्प मी बसवलं. इस्पितळाच्या जिन्यात उभं राहून मी संदेशला अशा शिव्या घातल्या की वरून येणारी नर्स जागच्या जागी थांबली. त्यातल्या निम्म्या मला होत्या, पण ते मी त्याला सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

लोक समजूत घालतात. शमिका, त्यानं मुद्दाम केलं काय? मला काय कळत नाही? आत्यानं आमच्या दोन गोधड्या धुऊन, घडी घालून परत आणून दिल्या. माइक त्यानं विकला म्हणाली. कारखान्यातून येतो, जेवतो, झोपतो. भजनालासुद्धा जात नाही. सांगताना ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिला चहा दिला आणि दुसरा विषय काढला.

बाबा राहिले. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतात. सांगायचं असलं की वहीत लिहितात. संदेश नीट करतोय, संदेश नीट करतोय, असं मी महिनाभर सांगत राहिले. एक दिवस त्यांनी लिहिलं, "आहे तसं लाव." काय करणार? संदेशनं आत्याच्या हाती धाडलेला पेनड्राइव्ह स्पीकरला लावला. आई हात पुसत बाहेर आली आणि उंबऱ्यावर टेकली.

खोटं कशाला बोलू, आवाज सुंदर आला होता. घोगरा होता, पण मोठ्या देवळात बसून गात असावेत असा. आईनं पदर तोंडाला लावला. आणि आवाज गेला. बाबांनी वर पंख्याकडे बघितलं, त्यांना वाटलं लाइट गेली. पंखा फिरत होता. तीन सेकंदांनी आवाज परत आला, मधली अर्धी ओळ गाळून. पुन्हा चाळीस सेकंद, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गेला तेव्हा त्यांना समजलं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं, पण मांडीवरचा हात दिसत होता. तो हात थांबला नव्हता.

त्यांनी वही ओढली आणि लिहिलं, "मधलं तू म्हण. मी ताल देतो." आणि बोटानं खूण केली, पहिल्यापासून लाव.

मी लावलं. चाळीस सेकंद झाली, आवाज गेला, आणि बाबांनी हात उघडून माझ्यापुढे केला, भजनात मागच्यांना ओळ उचलायला सांगतात तसा. मी तोंड उघडलं. मला येत नव्हतं. त्या रविवारी मी त्यांच्यापासून चार हातांवर बसले होते. कानात ना हेडफोन, ना इको. त्या तीन-तीन सेकंदांत ते काय गायले हे जगात एकट्या माझ्या उघड्या कानांवर पडलं होतं. पण मी मोबाइलवर गाडीचं बघत होते, इस्पितळात न्यायच्या कपड्यांची यादी करत होते. भरून होतंय म्हटल्यावर मी ऐकलंच नाही.

बाबांनी पुन्हा हात केला. मग पुन्हा. असा चार वेळा केला. पाचव्यांदा आवाज गेला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.