आम्ही कोरडे नाही

माझी नखं वर्षानुवर्षं स्वच्छ दिसलेली नाहीत. सोमवारी पिवळी, बुधवारी केशरी, शनिवारी काळी. लग्नाकार्यात बाया विचारतात, "अगं बाई, हे काय हाताला?" मी सांगते, कपडा रंगवते, दुसरं काय. पाहिजे तर तुमचं पातळ टाका, फुकटात रंगवून देते. मग कोणी विचारत नाही.

लातूरबाहेर कारखान्यांची वसाहत आहे. पुढच्या बाजूला तेलाच्या आणि डाळीच्या मिली, मोठी फाटकं, दारात वॉचमन. मागं नाल्याच्या काठानं आमच्या पत्र्याच्या शेडची ओळ, अकरा शेड. सगळे रंगाईवाले. मी मूळची मुखेडकडची, शिकले चौथीपर्यंत. पुढचं वाचन रद्दीवरचं, रंगाच्या डब्यांवरचं आणि नोटिशींवरचं. आमचे मालक, म्हणजे घरधनी, वारले तेव्हा शेड विकावी की चालवावी, असा प्रश्न पडला होता. शेजारच्या शेडमधले उस्ताद म्हणाले, "भाभी, बेचना मत. मैं सिखाता हूँ." त्यांच्या घरात निजामाच्या काळापासून रंगाई. त्यांनी शिकवलं आणि मी शिकले. नांदेडला गुरुद्वाऱ्याजवळच्या दुकानांना केशरी आणि निळा कपडा जातो ना, त्यातला बराच माझ्या हातचा. दर्ग्यावरच्या हिरव्या चादरी उस्तादांच्या.

आता आमच्या कामाची एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं. लातुरात पाणी कसं मिळतं ते लातूरकरांना सांगायला नको. आम्ही एकच पाणी चारदा वापरतो. पिवळा कपडा ज्या पाण्यात खळबळला, त्यातच केशरी खळबळायचा. केशरीच्या पाण्यात लाल. लालच्या पाण्यात काळा. काळ्याला कशाचा डाग लागणार? चौथ्यांदा वापरून झालं की ते पाणी नाल्यात. रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या वर्षी आम्ही हे शिकलो, आणि मग सवयच झाली. ज्याला टँकर कमी लागतो तो आमच्या ओळीत शहाणा. मी सगळ्यात शहाणी, हे मी स्वतःच सांगते.

दोनेक वर्षांमागं असं ठरलं, की वसाहतीतल्या सगळ्या कारखान्यांचं घाण पाणी एका पाइपातून एका केंद्रात न्यायचं, तिथं साफ करायचं आणि परत वापरायला द्यायचं. मला आनंद झाला. नाल्याखालच्या शेतकऱ्यानं माझ्याशी बोलणं टाकलेलं, आणि त्याचं काही चुकत नव्हतं. नाल्याकाठची बेशरमाची झाडं, जी कशानं म्हणून मरत नाहीत, ती आमच्या ओळीखाली वाळून उभी होती. ते बघून कोणाचं मन खाणार नाही?

फॉर्म आले. "रोज पाणी किती लागतं?" ओळीतल्या सगळ्यांचे फॉर्म माझ्याकडे, कारण लिहिणारी मीच. प्रत्येकाला विचारून लिहिलं. जो तो कमी सांगायचा, मी त्याहून थोडं कमी लिहायची. खोटं नव्हे हो, अभिमान! साहेबांना कळू दे, लातूरचे लोक पाणी कसं पुरवून पुरवून वापरतात.

दोन महिन्यांनी वसाहतीच्या कार्यालयाच्या भिंतीवर नकाशा लागला. लाल रेघ म्हणजे पाइप. ती तेलाच्या मिलीकडून डाळीच्या मिलीकडे, तिथून थेट केंद्राच्या जागेवर. आमच्या ओळीकडे रेघच नाही. खाली यादी होती, 'कोरडे उद्योग', आणि तिच्यात आम्ही अकरा. टीप अशी: कोरड्या उद्योगांना जोडणी नाही. केंद्र सुरू झालं की नाल्यात पाणी सोडायची तोंडं बंद होतील, त्यानंतर ज्याचं पाणी बाहेर दिसेल त्याला कुलूप.

मी ते दोनदा वाचलं. एवढं कमी पाणी मीच लिहिलं होतं ना, माझ्या अक्षरात.

उस्तादांना सांगितलं. त्यांनी दाढी कुरवाळली. म्हणाले, "भाभी, चुप बैठो. सच बोलेंगे कि पानी इतना गंदा है तो आजच ताला. नहीं बोलेंगे तो दो साल बाद, केंद्र चालू होने पर."

"दोन वर्षांनी काय करणार उस्ताद?"

"तब तक मैं मर जाऊंगा," आणि हसले.

"आणि मी?"

"तुम नहीं मरती. यमाला बी रंग लावून पाठवशील."

पण मला हसू येईना. शेड गेली तर माझ्याजवळ आहे काय? सुनेच्या घरी कोपऱ्यात बसून शेंगा सोलायच्या? न्हाई जमायचं.

पुढच्या आठवड्यात कार्यालयात बैठक होती. पुण्याहून आखणी करणारे इंजिनिअर साहेब येणार होते. सकाळी मी काळ्याचा हौद ढवळला, स्टीलचा कडीचा डबा भरला, झाकण घट्ट लावलं आणि निघाले. उस्ताद दारात उभे होते. "खाना ले जा रहे क्या?" मी म्हटलं, "हाव, साहेबासाठी." ते समजले. चप्पल घातली आणि मागोमाग आले.

बैठकीत आमच्या वसाहतीचे अध्यक्ष, तेलमिलवाले शेठ, साहेबांचं कौतुक करत होते. मी हात वर केला.

"बोला काकू, थोडक्यात."

"थोडक्यातच सांगते. आम्ही कोरडे नाही."

साहेब तरुण होते, बोलायला गोड. म्हणाले, "आजी, तुमच्या फॉर्ममध्येच पाणी अगदी नगण्य आहे."

"आजी घरी. इथं मी शेडवाली. पाणी कमी आहे, हे खरं. पण ते चारदा वापरलेलं आहे साहेब. तुम्ही किती ते विचारलं. कसं आहे ते विचारलंच न्हाई."

मी डबा टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. पुढच्या रांगेतल्या शेठनं खुर्ची मागं सरकवली. साहेबांनी मात्र खिशातून पेनासारखं यंत्र काढलं, पाण्यातले क्षार मोजायचं, आणि डब्यात बुडवलं. आकडा काही येईना, नुसती आडवी रेघ दाखवत राहिलं. त्यांनी ते पुसलं, परत बुडवलं. परत रेघच.

"यात काय काय आहे?"

"मीठ, सोडा, रंग. केशरीतलं मीठ लालमध्ये, लालमधलं काळ्यात. सगळं साठत जातं."

शेठ चिडले. "काकू, काय बोलायलाव तुम्ही? आपल्याच पायावर धोंडा? साहेबांनी आत्ताच्या आत्ता कुलूप घातलं म्हणजे?"

"घाला ना. शेडला कुलूप घालाल, नाल्याला घालता येतं का? पाऊस पडला की आमचं पाणी तुमच्या फाटकापर्यंत येतंय शेठ. मागच्या वर्षी लालचा हौद सांडला तेव्हा तुमच्या गाडीची चाकं लाल झाली होती, तुम्हाला वाटलं होळी खेळलं कोणी."

लोक हसले. शेठही ओठ दाबून हसले, पण मान वळवून.

साहेब हसत नव्हते. नकाशा पसरून हळू म्हणाले, "हे पाणी चोरून मोठ्या पाइपात आलं असतं तर आमच्या टाकीतले जिवाणू मेले असते. ते जिवाणूच घाण खातात. सगळं केंद्र बंद पडलं असतं." मग माझ्याकडे बघून, "पण हे मला माहीत झालं, म्हणजे मला लिहावं लागणार. तुमच्यावर कारवाई होऊ शकते."

"लिहा. पण हेबी लिहा, की बाईनं स्वतः आणून दाखवलं. तुम्ही पकडलं न्हाई."

तेवढ्यात मागून उस्ताद उठले. मला वाटलं, मला घरी न्यायला उठले. ते म्हणाले, "साब, मेरा पानी इनसे भी गंदा है. लिखो." मग आमच्या ओळीतले बाकीचे एकेक करून उठायला लागले. असली चढाओढ मी आयुष्यात पाहिली नाही.

साहेबांनी सांगितलं, तुमच्या ओळीसाठी वेगळी टाकी लागेल, वेगळा बारीक पाइप लागेल, आधी मीठ काढावं लागेल. पेन्सिल घेऊन त्यांनी आमच्या शेडपासून एक तुटक रेघ ओढली. ठरलं ते लिहून सहीचा कागद माझ्यापुढं आला.

मी सही केली नाही.

"आता काय झालं काकू?" शेठ.

"पेन्सिल खोडता येते. पेनानं काढा."

"अहो, मंजुरी मिळेपर्यंत पेन्सिलच असते," साहेब म्हणाले.

"मग मंजुरी मिळेपर्यंत मी इथंच बसते. डबाबी इथंच राहील, उघडा."

वास सुटायला लागला होता. साहेबांनी पेन काढलं.

फॉर्म परत भरायचे ठरले. या वेळी 'पाणी किती' च्या शेजारी मी पट्टीनं एक रकाना आखला, 'पाणी कसं', आणि अकराच्या अकरा कागदांवर लिहिलं: दाट, खारट, काळं. उस्ताद मागं उभे राहून बघत होते. "भाभी, इस बार कंजूसी नहीं."

पाइप अजून आलेला नाही. टाकीच्या जागेवर चुन्याच्या खुणा मारल्यात, त्यावर गवत उगवलंय. म्हणून मी दर सोमवारी कार्यालयात जाते, डबा टेबलावर ठेवते, झाकण काढते आणि समोर बसते. तिथला कारकून मला बघितलं की आधी खिडक्या उघडतो, मग फाईल.