दहा पॉइंट आठ आणि तांडेलबाई

तांडेलबाईंची आणि माझी पहिली भेट परळच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली. मी नुकतीच एम.एस्सी. होऊन शिक्षिका म्हणून रुजू झाले होते आणि बाई विभागप्रमुख होत्या. नमस्कार झाल्याबरोबर बाईंनी माझ्या हाती दहा मिलिलिटरचं पिपेट दिलं. “यात पाणी ओढून त्या फ्लास्कमध्ये सोडा बघू.” मी रुबाबात सोडलं आणि टोकाशी राहिलेला थेंब फुंकर मारून खाली पाडला. बाई शांतपणे म्हणाल्या, “एम.एस्सी. छान झालीय तुमची. आता पिपेट शिकूया.” तो शेवटचा थेंब मापात धरलेलाच नसतो, हे मला पाठ होतं, हाताला मात्र ठाऊक नव्हतं. मला त्यांचा भयंकर राग आला होता, हे त्यांच्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने कबूल करायला हरकत नाही.

बाई वरळी कोळीवाड्यातल्या. त्यांच्या आई दादरच्या बाजारात मासळी विकत. घरातल्या पहिल्या पदवीधर असल्याचा बडेजाव बाईंनी कधी केला नाही. अकरावीच्या मुलांना त्या पहिला महिनाभर रसायनाला हात लावू देत नसत. नुसतं पाणी मोजायला लावत. ब्युरेटमधली, म्हणजे खाली तोटी असलेल्या उभ्या मापनळीतली, पातळी डोळ्यांच्या रेषेतच वाचायची, म्हणून बुटक्या मुलांना उभं राहायला त्यांनी घरून दोन पाट आणून ठेवले होते. ब्युरेट भरल्यावर वर तसंच राहिलेलं फनेल थेंब गाळून माप बिघडवतं, म्हणून “फनेल काढलं का?” हे त्या इतक्यांदा विचारत की मुलं त्यांना पाठीमागे ‘फनेल’च म्हणत. बाईंना ते माहीत होतं. एकदा तर त्यांनी त्या हाकेला ओसुद्धा दिली होती.

माझ्या बाळंतपणानंतर माझे शनिवारचे तास सहामाही परीक्षेपर्यंत बाईंनीच घेतले. प्राचार्यांनी विचारलं तर म्हणाल्या, “शनिवारी मला घरी करमत नाही.” त्यांच्या घरी तेव्हा सासूबाई, दोन मुलं आणि सदा कोणी ना कोणी पाहुणा असे. वर दर बुधवारी माझ्यासाठी तळलेल्या मांदेलीचा डबा यायचा.

पण मला सांगायचा आहे तो वेगळाच प्रसंग, आणि त्यात माझी फारशी शोभा नाही.

माझं ते दुसरं वर्ष. अकरावीच्या वीस मुलांचं टायट्रेशन होतं, म्हणजे मोजलेल्या आम्लात ब्युरेटमधून रंग बदलेपर्यंत द्रावण सोडायचं आणि ते किती लागलं ते लिहायचं. त्यासाठी लागणारं सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण करायचं काम माझ्याकडे होतं. जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्या गोळ्यांची बरणी उघडी टाकून गप्पा मारत बसले. मुंबईच्या दमट हवेत त्या गोळ्या पाणी शोषून घेतात. वजन बरोबर भरलं, पण त्यात थोडं पाणीच तोललं गेलं आणि द्रावण पातळ झालं, म्हणजे ते जास्त लागणार. वापरण्याआधी ते तपासून घ्यायचं असतं. मी घेतलं नाही.

या प्रयोगाचं रीडिंग एरवी दहा मिलिलिटर यायचं. जुन्या वह्या हातोहात फिरत असल्यामुळे हे साऱ्या कॉलेजला ठाऊक होतं. त्यामुळे एकोणीस मुलांनी बिनदिक्कत दहा लिहिलं. विसावी होती डिलाईल रोडच्या चाळीत राहणारी रेश्मा परब. तिचं आलं दहा पॉइंट आठ. मी तिच्या वहीवर लाल रेघ मारली आणि पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मी सगळ्यांसमोर म्हटलं, “एकोणीस जणांना जमतं, तुलाच कसं जमत नाही?”

ती खाली मान घालून म्हणाली, “मॅडम, मला नाय जमत सायन्स. सकाळीच अर्ज दिलाय बाईंकडे. कॉमर्सला जाते मी.”

शेजारच्या खोलीतून बाई बाहेर आल्या. त्यांनी ब्युरेट धुतलं, भरलं, स्वतः टायट्रेशन केलं आणि वाकून आकडा वाचला. दहा पॉइंट आठच. मग मला आत बोलावलं.

“बरणी उघडी होती?”

मी हो म्हटलं आणि घाईघाईने पुढे बोलले, “द्रावण ओतून टाकते, उद्या नवीन करू. मुलांना कशाला सांगायचं? वर्गात माझी काय किंमत राहील?”

“द्रावण ओता,” बाई म्हणाल्या. “पण त्या पोरीच्या वहीवर रेघ तुम्ही मारलीत. घंटा झाली की ती अर्जावर सही मागायला येईल. सांगायचं की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. मी काही बोलणार नाही.”

आणि त्या खरोखरच वह्या तपासायला बसल्या. मला हुकूम केला असता तर बरं वाटलं असतं. मी पाचेक मिनिटं तिथेच घुटमळले, मग बाहेर जाऊन वर्गाला सांगितलं, “आजचं द्रावण माझ्याकडून चुकलंय. बरोबर रीडिंग एकट्या परबचं आहे.” कोणी हसलं नाही. एकोणीस मुलं आपापल्या वहीत बघत होती. बाईंनी त्यांना शिक्षा केली नाही. फक्त प्रत्येकाला पुन्हा ब्युरेट भरायला लावलं.

घंटेनंतर रेश्मा आली. बाईंनी खणातून अर्ज काढून टेबलावर ठेवला आणि पेन उघडलं. “करू सही?”

रेश्माने तो कागद पेनाखालून ओढून घेतला. मग म्हणाली, “नको बाई. पुढचं प्रॅक्टिकल कधी हाय?”

आज ती पिण्याचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत अधिकारी आहे.

त्या दिवशी मी गप्प राहिले असते, तरी बाईंनी मला कधी बोल लावला नसता. नेहमीसारखा आपला डबा पुढे केला असता, आणि तो माझ्या घशाखाली उतरला नसता. नंतरच्या वर्षांत माझं काही चुकलं की मी आधी बाईंचं घर गाठत आले आहे. त्या ऐकून घेतात, चहा टाकतात आणि ठरवायचं माझ्यावर सोडतात. बाईंची नजर, गुडघे आणि चहाची आवड अशीच शाबूत राहोत, त्यांना उदंड आयुष्य लाभो. माझ्या हातून अजून पुष्कळ चुका व्हायच्या आहेत, आणि त्या सांगायला मला दुसरं घर नाही.