गंगाक्काचं टोकन

गेल्या उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, आदल्या शनिवारी, जेवणाची घंटा व्हायच्या थोडं आधी, गंगाक्काला लघवीला जाऊ दिलं नाही. बेंगळुरूजवळच्या आनेकल तालुक्यातल्या एका कपड्यांच्या कारखान्यात, भर लाइनीत, सगळ्यांच्या देखत. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. बाईचं नाव मात्र लिहिते. तिला ओळखणारे मुळात थोडे, आणि त्यातले निम्मे तोंड उघडायला घाबरतात.

मी त्या गेटवर कामगार संघटनेची कन्नड पत्रकं वाटायला जात असे. एकदा शिफ्ट सुटायची वाट बघत आईशी फोनवर बोलत होते, तर मागून एकदम आवाज आला, "मराठी काय गे तू? मग ह्या कागदात काय लिवलंयस ते मराठीत सांग की." बुटकी, जाड मनगटांची, पंचेचाळिशीची बाई. केसांत दोऱ्याचे तुकडे अडकलेले. मशीनच्या आवाजावर मात करून बोलायची तिला इतकी सवय झालेली की बसमध्ये, देवळात, दवाखान्यात, सगळीकडे तिची पट्टी तीच. मी पत्रकातला पहिला परिच्छेद मराठीत सांगितला. "शोषण म्हंजे काय?" तिने विचारलं. ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त राबवून घेतात ते, मी म्हणाले. "हां हां," ती म्हणाली, "त्येला आमी शनवार म्हणतो."

त्या दिवसापासून मी तिची 'कागदवाली' झाले. ती निपाणीकडची. लहानपण तंबाखूच्या वखारीत गेलं, लग्न होऊन बेंगळुरूला आली, नवरा लवकर गेला, मुलगी हुबळीला दिली. राहायची वठारात, म्हणजे एका अंगणाभोवतीच्या एकेका खोलीच्या रांगेत. मी रविवारी बैठक घ्यायला गेले की आधी जेवायला वाढायची आणि मग टोमणे मारायची. माझे बाबा सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते आणि आम्ही इंदिरानगरच्या सुखवस्तू वस्तीत राहतो हे कळल्यावर तिने अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं होतं, "तुमच्या घरात संडासला जायला टोकन लागतंय काय गे?"

टोकनचं सांगायला हवं. प्रत्येक लाइनीला एकच लाल बिल्ला, सुपरवायझरच्या टेबलाशी खिळ्याला टांगलेला. जिच्या गळ्यात बिल्ला ती दहा मिनिटं बाहेर जाणार, बाकीच्या थांबणार. एका बाईच्या वाट्याला दिवसातून एकदाच, तेही ठरलेल्या पाळीला. जेवणाच्या सुट्टीत बिल्ला लागत नाही, पण संडास मोजके आणि बायका शेकड्यांनी. रांग पुढे सरकायच्या आत घंटा होते. हे असं कुठेही लिहिलेलं नाही. लिहिलेलं असतं तर मी ते कोर्टात नेलं असतं.

गंगाक्का कॉलर लावायची. तिच्या शेजारच्या मशीनवर रेखा, बाह्यांना. रेखा खानापूरकडची, तेविशीची, राहायलाही त्याच वठारात. कंत्राटदारामार्फत लागलेली, म्हणून तिला बाळंतपणाची पगारी रजा नाही असं सांगण्यात आलं. बाळ तीन महिन्यांचं होतं तेव्हा ती कामावर परतली. बाळंतपणानंतरच्या तापात तिचं दूध आटलं होतं, त्यामुळे बाळ डब्याच्या दुधावर. आणि प्यायलेलं दूध वर यायचं. नुसती गुळणी नाही. मान मागे टाकून, पाठीची कमान करून रडायचं आणि मग नाकातोंडातून सगळं बाहेर.

ह्या पोराला किती पाजायचं यावर त्या वठारात जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या एकाही बैठकीत झाली नाही. डब्यावरचा तक्ता एक सांगायचा. रेखाची सासू फोनवरून दुसरं सांगायची. कुणी म्हणायचं दुधात नाचणीची पेज घाल म्हणजे घट्ट होऊन आत राहील, कुणी म्हणायचं पाणी वाढव. गंगाक्काचं मत सगळ्यांत ठाम, आणि सांगूनच टाकते, सगळ्यांत चुकीचं. "पोर म्हंजे पोतं बग," ती म्हणायची. "भरलं की आपोआप उभं ऱ्हातंय. ओकलं? मग पोट रिकामं झालं न्हवं? परत भर!" एका रविवारी रेखा कपडे धूत असताना तिने बाळाला तक्त्याप्रमाणे अख्खी बाटली पाजली, ते ओकलं म्हणून लगेच पुन्हा पाजली. बाळाचा श्वास अडकला. ओठ निळसर पडले. गंगाक्काने त्याला उलटं धरून पाठ थोपटली तेव्हा ते रडलं, आणि मग तीही. मोठ्याने, तिच्या त्या पट्टीत.

मी रिक्षा बोलावली आणि आम्ही तिघी बेंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण तरुण होती, आमच्या मागे लांबलचक रांग होती, तरी तिने बाळाला नीट तपासलं आणि वजन केलं. दूध बरोबर कालवताय ना, पातळ करत नाही ना, हे विचारून घेतलं. मग म्हणाली, "याला एका वेळी सत्तर मिलीच्या आसपास. दर दोन-अडीच तासांनी. पाजताना मधे ढेकर काढा, नंतर अर्धा तास उभं धरा. बाटली उशीला टेकवून आडवं पाजायचं नाही. ओकला म्हणून लगेच परत पाजायचं नाही."

"उपाशी मारायचं होय लेकराला?" गंगाक्का गरजली. रांगेतले सगळे बघायला लागले.

डॉक्टरीण हसली नाही, चिडलीही नाही. "दिवसाचं दूध त्याच्या वजनाप्रमाणे तेवढंच राहणार, अक्का. फक्त वाटे वाढवायचे. लंगोट ओले होतायत, वजन वाढतंय, तर थोडं ओकलं तरी घाबरायचं कारण नाही. ते थांबलं, ओकण्यात हिरवं किंवा रक्त दिसलं, तर तसेच इकडे या. आणि हे माप या बाळाचं आहे. शेजारणीच्या बाळाला लावू नका."

बाहेर आल्यावर गंगाक्काने बोटांवर तास मोजले. मग म्हणाली, "अडीच तासांनी. आनी शिफ्ट?"

प्रश्न तेवढाच होता. औषध नव्हतं, ऑपरेशन नव्हतं, मोठा खर्च नव्हता. एका आईला मशीनवरून उठून कारखान्याच्या पाळणाघरापर्यंत जाऊन यायचं होतं. पाळणाघरात एकच आया, वीसेक पोरं. ती बाटली गुंडाळलेल्या टॉवेलला टेकवून पुढच्या पोराकडे वळायची. तिला दोष देत नाही, तिला हात दोनच. ती रेखाला म्हणाली, तू येऊन पाज, नंतर मांडीवर उभं मी धरते. जिथे पाळणाघर ठेवणं बंधनकारक आहे, तिथे आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यावं लागतं. हा कायदा आहे, माझं मत नाही. सुपरवायझरने जेवणाच्या सुट्टीवर बोट ठेवलं, तेव्हा जा म्हणाला. एक.

"माझं टोकन घे," गंगाक्का म्हणाली.

असं सुरू झालं. सकाळी रेखा स्वतःचं टोकन घेऊन धावायची. जेवणाच्या सुट्टीत दूध पाजून ती दोन घास खायची, तेवढा वेळ गंगाक्का बाळाला खांद्यावर उभं धरून पाळणाघरासमोरच्या अंगणात फेऱ्या मारायची. दुपारी गंगाक्काचं टोकन घेऊन रेखा पुन्हा धावायची. सुरुवातीला आणखी दोघी-तिघींनी आपली पाळी दिली. मग सुपरवायझर ताशी टार्गेटचा फळा दाखवून त्यांना बोलायला लागला, आणि त्या मागे हटल्या. गंगाक्का हटली नाही. जेवणाच्या सुट्टीत बाळ तिच्या खांद्यावर आणि दुपारचं टोकन रेखाच्या गळ्यात, म्हणजे सकाळी शिरलेली ही बाई संध्याकाळी सुटेपर्यंत संडासला जात नव्हती.

त्यासाठी तिने पाणी पिणं सोडलं. तिची बाटली भरलेली यायची आणि भरलेली जायची. इस्त्रीच्या टेबलांची वाफ तिच्या मशीनपर्यंत येते, आणि महिना उन्हाळ्याचा. रेखा बोलली तर म्हणायची, "मला तहानच न्हाई लागत. मी उंटाची चेली."

"निपाणीत कुठले आले उंट, अक्का?"

"सर्कशीत एक आलता. त्याच्याकडनं शिकले."

आणि रेखा परत आली की मशीन न थांबवता ओरडायची, "केली काय गे लंगोटी ओली?" रेखाने मान हलवली की, "शाब्बास माझ्या वाघा!" रोज पोराच्या लघवीची चौकशी करणाऱ्या ह्या बाईच्या लघवीची चौकशी कुणी केली नाही. बाळाचं वजन वाढू लागलं. मी कामगार खात्याकडे तक्रार दिली, तपासणीला साहेब येणार असं कारखान्याला आधीच कळलं, पाळणाघराच्या भिंतीवर नवीन ससे रंगवले गेले. साहेब आले त्या दिवशी सगळ्या लेकुरवाळ्या चार वेळा बाळाकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल बिल्ला.

त्या शनिवारी शिपमेंट होती. गंगाक्काला दोन दिवसांपासून ताप होता, ओटीपोटात कळा येत होत्या, जळजळ होत होती. शुगरही होती तिला. सुट्टी घेतली असती तर टोकनही बुडालं असतं, म्हणून ती आली. जेवणाआधी ती उठून टेबलाशी गेली आणि बिल्ला मागितला. सुपरवायझर म्हणाला, तुझी पाळी दुपारची, ती त्या रेखाला दिलीस ना? ती म्हणाली, आज मला पायजे, आत्ता. तो म्हणाला, "अक्का, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी. घंटा होईलच." हे वाक्य, म्हणजे 'थोडं सांभाळून घ्या', या शहरात बसमधली सीट मागायला वापरतात. तिथे तो एका आजारी बाईचं मूत्राशय अ‍ॅडजस्ट करत होता.

ती परत येऊन मशीनवर बसली. मग मांडीवरचा कॉलरींचा गठ्ठा तिने उचलून मशीनवर ठेवला. का, ते शेजारच्या बायकांना क्षणभराने कळलं. साडीतून फरशीवर ओघळ आला. लाइन थांबली नाही. पुढचा गठ्ठा आला, मागचा पुढे गेला. गंगाक्का आपल्या नेहमीच्या पट्टीत म्हणाली, "घे. आता टोकन नगो." घंटा झाल्यावर रेखा तिला धरून न्यायला लागली, तर तिने हात झटकला. "तू आधी जा. पोराची वेळ झाली."

संध्याकाळी तिला थंडी वाजून ताप भरला. बायकांनी दवाखान्यात नेलं, मीही पोचले. संसर्ग मूत्रपिंडांतून रक्तात गेला होता. डॉक्टरने विचारलं, दिवसाला पाणी किती प्यायचात? गंगाक्काने डोळे उघडले आणि म्हणाली, "आता इचारूलाय?" तिच्या तोंडून मी ऐकलेलं हे शेवटचं वाक्य. उगादी होऊन गेली आणि ती गेली.

हुबळीहून मुलगी आली. ती म्हणाली, "आई फोनवर माझ्या पोरांचं विचारायची न्हाई, हितल्या एका पोराचं वजन सांगत बसायची. मला राग यायचा." कंपनीने कळवलं की मृत्यू वैयक्तिक आजाराने झाला, मधुमेहाचा इतिहास होता. खरं आहे, मधुमेह होता. टोकन त्यांनी काढून टाकलं. आता दाराशी बोटाचा ठसा घेतात आणि मिनिटं यंत्र मोजतं. रेखा तिथेच काम करते, कारण दुसरीकडे पाळणाघरच नाही. पोर बसायला लागलंय, ओकणं बरंच कमी झालंय. ते वयाबरोबर कमी होणारच होतं. मधले काही महिने फक्त थोडं थोडं दूध वेळेवर पोटात जायला हवं होतं, आणि तेवढ्यासाठी एक बाई गेली.

हे वाचणाऱ्यांत कुणी मॅनेजर आहे, कुणी एचआरमध्ये, कुणी ज्या कारखान्याकडून माल घेतो तिथे पाहणीला जातो. तुमची हळहळ मला नको. सोमवारी कामावर गेलात की पाळणाघराच्या दारात उभे राहा आणि मोठ्याने विचारा, इथे आई दिवसातून किती वेळा येऊ शकते? चारपेक्षा कमी आकडा ऐकू आला, तर तिथून हलू नका.