औषध मारलेली चादर

घड्याळजींचं जग वीतभर होतं. दुकानातलं टेबल, डोळ्याला भिंग, चिमट्यात केसासारखी स्प्रिंग. त्यापलीकडे बघायची त्यांना कधी गरजच वाटली नाही. त्यांच्या बायकोची तऱ्हा निराळी. ती दिवसभर पडदे शिवायची आणि दिवेलागणीला परसात पांढरी चादर टांगून, मागे दिवा लावून, येतील ते पतंग बघत बसायची. आळीतली पोरं तिला पाखरूकाकू म्हणायची. घड्याळजी म्हणायचे, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. पण चहाचा कप तिथे नेऊन द्यायचेही तेच.

मागच्या वर्षी तिला डास चावला आणि ती तापाने हॉस्पिटलात पोचली. तिच्या उशाशी बसून घड्याळजींच्या तोंडचं पाणी पळालं. ती घरी आल्यावर त्यांनी फर्मानच काढलं: ऊन उतरलं की खिडक्या बंद, परस बंद. तिने वाद घातला नाही, चादर कपाटात ठेवून दिली. पण त्यानंतर ती जेवताना बोलेनाशी झाली, आणि ते घड्याळजींना तापापेक्षा जड गेलं.

यंदा तिने एकच संध्याकाळ मागितली. पंज्याएवढा फिकट हिरवा चांद्रपतंग याच दिवसांत येतो. तिने तो लहानपणी एकदा पाहिला होता. घड्याळजींनी अट घातली, की अंगभर कपडे घालायचे, डासांचं औषध लावायचं आणि पतंग आला नाही तर चादरीचा नाद कायमचा सोडायचा. ती बरं म्हणाली.

तिने हातापायांना, मानेला नीट औषध चोळलं. घड्याळजींनी स्वतःला थेंबही लावला नाही. एकतर ते खिडकीतूनच बघणार होते, आणि त्या औषधाच्या बोटांनी एकदा गिऱ्हाइकाच्या घड्याळाची प्लॅस्टिकची काच पार धुरकट झाली होती. मात्र ती कपडे बदलायला गेली तेव्हा त्यांनी बाटली घेतली आणि चादर दोन्ही बाजूंनी फवारून काढली. डास बसणार तिथेच बंदोबस्त केलेला बरा, असा त्यांचा हिशेब.

चादरीवर चिलटसुद्धा बसलं नाही. शेजारच्या दिव्याभोवती ही झुंबड, आणि इकडे येणारं प्रत्येक पाखरू वाटेतूनच परत फिरत होतं. खिडकीतल्या घड्याळजींच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. बायको उठून चादरीचे चिमटे काढू लागली तसे ते बाह्या दुमडलेल्या, अनवाणी, तसेच बाहेर धावले.

"अगं थांब. चादरीला मी औषध मारलंय."

"माहितीये. टांगतानाच वास आला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही काळजीने मारलंत. काय बोलणार?"

घड्याळजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिमटा काढायला त्यांनी हात वर केला, आणि दिव्याकडून काहीतरी हिरवं, सावकाश तरंगत आलं. त्या उजेडात औषध न लागलेली एकच जागा होती, घड्याळजींचे उघडे हात. पतंग त्यांच्या डाव्या मनगटावर बसला.

त्यांनी दुसऱ्या हाताने खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं. पंखांवर कौलांसारखे रचलेले खवले, एकही वाकडा नाही. मिशा म्हणजे बारीक फण्या. इतकं बारीक काम त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. तिने हळूच सांगितलं, की याला खायला तोंडच नसतं, आठवडाभर जगतो आणि जातो. एवढ्याशा आठवड्यासाठी एवढी कारागिरी! घड्याळजींचे डोळे भरून आले. त्यांनी भिंग तिला दिलं. तिने औषधाचा दुसरा हात पाठीमागे धरला, वाकून पाहिलं, आणि लहान मुलीसारखी हसली. वर्षभरात ते हसू त्यांनी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात त्यांच्या कोपरावर डास बसला. तो दोघांनाही दिसला. तिने हात उचलला, पण घड्याळजींनी मान हलवून नको म्हटलं. डास पोटभर रक्त प्यायला. घड्याळजींचा हात तसूभर हलला नाही.

शेवटी पतंग उडाला आणि झाडांवरून दिसेनासा झाला. मग तिने कोपर चोळून दिलं आणि चादरीची घडी घालत विचारलं, "आता ही ठेवून देऊ?"

"धुवायला टाक," घड्याळजी म्हणाले. "उद्या मीही औषध लावून बसतो. एवढं डावं मनगट सोडून."