शिरवं ऐकायला राधानगरीला

आयर्लंडमधल्या गॉलवेहून परत येऊन वर्ष झालं, तरी नोराचा प्रश्न डोक्यातून जाईना. नोरा माझी तिथली घरमालकीण. ऐंशीची, पण स्वभाव मास्तरणीचा. बाहेर सर आली की तिची आयरिशची शिकवणी सुरू. सर म्हणजे 'किह', पुल्लिंगी. सरीचा म्हणायचं तर 'क्याहा', पुष्कळ सरी 'क्याहाना'. इंद्रधनुष्य 'तुअर क्याहा', म्हणजे सरीचा शकुन. मी सांगितलं, माझी आई सरीला 'शिरवं' म्हणायची, आमच्यात ते नपुंसकलिंगी. "कशी म्हणायची? म्हणून दाखव की." आणि मला आईचा आवाजच आठवेना. मी तिकडे असतानाच आई गेली होती.

तसा आवाज आता एकट्या मावशीचा. म्हणून श्रावणात रजा काढून निघाले.

कोल्हापूरहून राधानगरीची एसटी, दोनेक तास धरा. बायकांना अर्धं तिकीट. ऊस मागे पडून भात दिसू लागला की आलंच. पुढे वडाप. खच्चून भरलेल्या जीपचा ड्रायव्हर म्हणाला, "कुणाच्यात जायचं, ताई?" मावशीचं नाव सांगितल्यावर त्यानं थेट शेताशी उतरवलं. "त्या घरात घावायच्या न्हाईत."

लहानपणी आईचं बोट धरून मी याच बांधावर यायचे. मावशी पाठीवर इरलं घेऊन बायकांबरोबर भात भांगलत, तण उपटत होती. तिचा आवाज रेकॉर्ड करायला मी फोन काढला, तेवढ्यात डोंगराकडून सर आली. फोन पोटाशी धरून मी झाडाकडे धूम ठोकली. बायका जागच्या हलल्या नाहीत. सगळ्यांनी पावसाला पाठ केली आणि हात चालूच ठेवले.

"अगं, पळतीस कुठं? शिरवं हाय, जाईल की!"

हुबेहूब आई. मी झाडाखाली उभी राहून रडले. रेकॉर्डिंग सुरू करायचंच राहिलं.

दुपारी भाकरी, खर्डा, दही खाताना पुन्हा म्हण म्हणून मी हट्ट धरला. मावशी हसत सुटली. "खुळी हाईस काय? ऊन पडलंय. उन्हात कसं म्हणू?" मी निघेपर्यंत एक थेंब पडला नाही.

रविवारी कोल्हापुरात घरी बसून व्हिडिओ कॉलवर नोराला ही फजिती सांगत होते. माझ्या मागे गॅलरीत कपडे वाळत होते. अचानक सर आली.

"अगं, कपडे भिजतायत!" नोराच ओरडली.

मी मागे वळलेही नाही. "शिरवं हाय, जाईल की!"

नोरा स्क्रीनच्या जवळ सरकली. तिला मराठीचं अक्षर कळत नाही. मग हळूच म्हणाली, "भेटली तुझी आई."