रहमानचाचांचा पापड

रहमानचाचांच्या पत्र्याच्या डब्यात दौत, टाक आणि एक भाजलेला पापड असे. अकोल्याच्या कचेरीबाहेर ते खरेदीखतं लिहीत; पण घराचं खत असलं, की आधी घर पाहणार. सर्वांत अंधाऱ्या खोलीच्या कोनाड्यात पापड ठेवायचा, दार लावायचं आणि घरमालकाचा चहा प्यायचा. तासाभराने पापड मोडून पाहायचा. कटकन मोडला, तर खतात ‘भिंती कोरड्या’. वाकला, तर ठसठशीत अक्षरात, ‘भिंतीस ओल व बुरशी आहे, घेणाऱ्यास दाखवली.’

“कायदा नागपुरातून येते, ओल मोर्नेतून,” ते म्हणत. “मानसाले चहा पाजून फितवता येते. पापडाले कोन पाजन?”

मग तोच पापड खात. नरम असला तरी. “चाचीनं लाटला हाये, फेकू कावून?”

मला अमरावतीला कापसाच्या जिनात कारकुनी लागली आणि अकोल्याच्या जुन्या शहरातलं मोर्ना नदीकाठचं घर विकायला काढलं. मागच्या खोलीची भिंत दर पावसाळ्यात काळीहिरवी होई. मी तिला दोन हात चुना दिला. घेणारे देवराव मास्तर दर्यापूरचे. बायकोला दमा, म्हणून कोरडं घर हवं, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं होतं.

भादव्यातली दुपार. ओसरीवर चाचा मास्तरांना हसवत होते. साखरेच्या निमित्ताने मी आत गेलो. कोनाड्यात पापड पोतेऱ्यासारखा लोळला होता. तो चुलीत घातला आणि आमच्या घरचा एक भाजून ठेवला.

कटकन मोडला. खत झालं. चाचा खाता खाता म्हणाले, “आज चाचीचा हात चुकला लेका. मिरंच नाईत!”

पुढच्या आषाढात भिंतीने चुना टाकला. बाईंचा श्वास कोंडू लागला. मास्तर कचेरीपुढे चार लोकांत चाचांवर ओरडले. मी त्या दिवशी अकोल्यात होतो. कडुनिंबाआड उभा राहिलो.

“पापड माहा होता, मास्तर. चूक माही,” चाचा एवढंच म्हणाले. मास्तरांचं बिऱ्हाड त्यांनी आपल्या पुढच्या खोलीत आणलं, स्वतःची खाट पडवीत काढली. त्यानंतर कुणाच्याच घराचं खत त्यांनी लिहिलं नाही.

दोन वर्षांनी मी सगळं सांगायचं ठरवून त्यांच्याकडे गेलो. चहाबरोबर पापड आला.

“खाय, वसंता. यात मिरं बराबर हायेत.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागाने नव्हे, टाक बुडवून समोरच्याच्या बोलण्याची वाट पाहावी तसे. मी पापड खाल्ला, छान झालाय म्हणालो आणि गाडी गाठली.

गेल्या महिन्यात चाचा गेले. मातीहून परतताना मी मास्तरांना अडवलं. “मास्तर, तो पापड माझ्या घरचा होता.”

“मालूम हाये,” मास्तर म्हणाले. “चाचानं बजावलं होतं, वसंता सोता येऊन सांगन. तवरोक त्याले काई बोलू नका.”

अठरा वर्षं मास्तर काही बोलले नव्हते.